एकशेवीस चमचे
(पोटाच्या विकारांत घरची शुश्रूषा)



'शुश्रूषा' हा शब्द लिहायला अवघड आहे. शुद्धलेखनात तो नेहमी चुकतो. शुश्रूषा म्हणजे आजारी माणसाची सेवा. पण आमच्या बाईंनी सांगितले, की संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. आजारी माणूस काय सांगतो ते नीट ऐकायचे आणि त्याप्रमाणे करायचे. लहान बाळाला तर बोलताच येत नाही. मग त्याचे ऐकायचे कसे? हेच आमच्या घरी एकदा चुकले होते. ते कसे चुकले आणि कसे सुधारले, ते सांगते.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ तेव्हा दहा महिन्यांचा होता. एके दिवशी सकाळीच त्याला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. आई म्हणाली, "दात येत्यात, होतंय असं." दुपारपर्यंत सहा-सात वेळा झाले. दोनदा ओकलासुद्धा. तेव्हा आज्जी आईला म्हणाली, "पाणी पाजू नगंस. वरनं घातलं की खालनं पडतंय. अंगावरचंबी बंद ठेव." आज्जीने घरात इतकी मुले वाढवली, म्हणून आईने ऐकले. बाळाला पाणी नाही आणि दूधही नाही. आम्हाला वाटले, पोटाला विश्रांती मिळाली म्हणजे जुलाब आपोआप थांबतील.

पण जुलाब थांबले नाहीत. चार वाजेपर्यंत बाळाचे डोळे खोल गेले. ते रडत होते, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हते. दुपारपासून लघवी झाली नव्हती. टाळू खाली बसली होती. आज्जीने टाळूवर तेल घातले, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मला भीती वाटली. मी पळत जाऊन आशाताईंना बोलावून आणले.

आशाताईंनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. निरोगी बाळाची कातडी लगेच सपाट होते. आमच्या बाळाची हळूहळू खाली गेली. ताईंनी विचारले, "पाणी किती पाजलं?" कोणीच बोलेना. मग आज्जीने खरे सांगितले. ताई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आज्जी, घागर गळायला लागली म्हणून भरायची थांबवली, तर ती रिकामीच हुईल की. गळायची थांबेस्तोवर वरनं भरत राहायचं."

ताईंनी पिशवीतून ओआरएसचे पाकीट काढले, एक लिटर पाणी मोजून त्यात कालवले आणि पहिला चमचा स्वतः पाजला. बाळाने तो अधाशासारखा ओढून घेतला. मग रिक्षा करून आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. वाटेतही आई पाजत होती.

डॉक्टरांनी बाळाचे वजन केले. ते ८ किलो भरले. ते म्हणाले, "बाळ पितंय, शुद्धीवर आहे. सलाईनची गरज नाही. पण चार तास इथंच बसायचं आणि सांगतो तसं पाजायचं." किलोला ७५ मिली, म्हणजे ८ किलोला ६०० मिली. सिस्टरांनी मला गणित घातले. एक चमचा म्हणजे ५ मिली, तर ६०० मिलीचे चमचे किती? १२०. चार तासांची मिनिटे किती? २४०. म्हणजे दर दोन मिनिटांना एक चमचा. त्या म्हणाल्या, "आता तूच मोज."

मी वहीत रेघा मारायला बसले. आई दमली की आज्जी पाजायची, आज्जी दमली की मी. मधून मधून आई अंगावरचे दूध देत होती. तिसाव्या-पस्तिसाव्या चमच्याला बाळ ओकले. आम्ही घाबरलो. सिस्टर म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबा. मग परत सुरू करा, जरा सावकाश." तसे केले. ऐंशी चमचे झाले असतील तेव्हा बाळाने आईच्या लुगड्यावर लघवी केली. सिस्टर म्हणाल्या, "आता पाणी अंगी लागलं बघा." एरवी आई ओरडली असती, त्या दिवशी ती हसली. १२० रेघा पुऱ्या व्हायला चार तासांवर थोडा वेळ गेला. रात्री आम्ही बाळाला घेऊन घरी आलो. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

जुलाबात धोका कशाचा?

मित्रांनो, जुलाबात धोका असतो तो मुख्यतः शरीरातले पाणी आणि मीठ निघून जाण्याचा. बहुतेक साधे जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. पण तोपर्यंत शरीर कोरडे पडता कामा नये. लहान बाळाचे शरीर लहान, त्यामुळे ते लवकर कोरडे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार मुले अतिसाराने दगावतात. त्यातली पुष्कळ मुले वेळेवर पाणी मिळाले तर वाचू शकतात.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला हा आजार नवा नाही. पूर्वी पंढरपूरच्या यात्रेत पटकीची साथ उद्भवत असे. पटकी म्हणजे कॉलरा, जुलाबाचा सर्वांत भयंकर प्रकार. लाखो माणसे एका ठिकाणी जमत, नदीचेच पाणी पीत, आणि यात्रा पांगली की साथ गावोगाव जाई. लोक त्याला मरीआईचा कोप समजत आणि मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन ठेवत. आता आषाढी वारीच्या वाटेवर क्लोरीन टाकलेल्या पाण्याचे टँकर असतात आणि आरोग्य पथके असतात.

पटकीवरचा साधा उपाय ठसठशीतपणे दिसला तो मात्र दूर बंगालमध्ये. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धामुळे लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते तोंडाने पाजायला सुरुवात केली. १९६८ साली ढाक्यात डॉ. डेव्हिड नलिन व डॉ. रिचर्ड कॅश यांनी रुग्णालयात याचे प्रयोग केले होते. पण छावणीत इतके डॉक्टर आणि परिचारिका कोठून आणणार? म्हणून नळ लावलेल्या पिंपांतून हे पाणी ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला शिकवले. आधी शंभरातले सुमारे ३० रुग्ण दगावत होते. या उपायानंतर ते प्रमाण शंभरात चारपेक्षाही कमी झाले. डॉ. महालनोबिस २०२२ साली वारले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या छावणीत शुश्रूषा केली ती आईने, आज्जीने, बहीण-भावांनी. म्हणजे ती आपल्यालाही करता येते.

साखर आणि मीठ दोन्ही का?

जुलाब चालू असताना आतडे नुसते पाणी नीट शोषत नाही. पण साखर आणि मीठ योग्य प्रमाणात असले, की दोघे जोडीने आतड्यातून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही ओढले जाते. म्हणूनच याला 'जलसंजीवनी' असे छान नाव आहे. प्रमाण मात्र बिघडता कामा नये. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर बाळाला धोका होतो.

जलसंजीवनी कशी करावी?

१. आधी साबणाने हात धुवावेत.

२. पाकिटावर किती पाणी घ्यायचे ते वाचावे. मोठे पाकीट १ लिटरचे असते, लहान पाकीट २०० मिलीचेही मिळते. पूर्ण पाकीट एकदम कालवावे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये.

३. पाणी उकळून गार केलेले किंवा शुद्ध केलेले घ्यावे. दुधात, चहात किंवा सरबतात पाकीट कालवू नये. वरून साखर घालू नये.

४. केलेले पाणी झाकून ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले ओतून द्यावे.

५. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा शिगोशीग भरू नये. चव घेऊन पाहावी. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर ते ओतून द्यावे आणि नवे करावे. पाकीट मिळाले की मग पाकिटाचेच द्यावे.

दुकानात गोड पेयांची खोकी मिळतात. ती म्हणजे जलसंजीवनी नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापायला मनाई केली आहे. खरे पाकीट आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि उपकेंद्रात फुकट मिळते.

किती पाजावे?

घरी असताना प्रत्येक जुलाबानंतर असे द्यावे. दोन वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्याने. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. त्याहून मोठ्यांना पाहिजे तेवढे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग सावकाश पुन्हा द्यावे. बाटलीने पाजू नये. वाटी-चमचा बरा, तो धुवायला सोपा.

याशिवाय झिंकच्या गोळ्या मिळतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, त्यापुढे रोज एक, अशा १४ दिवस. ही गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब थांबले म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नयेत. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते.

खायला काय द्यावे?

उपाशी ठेवू नये. अंगावर पिणाऱ्या बाळाला नेहमीपेक्षा जास्त वेळा दूध द्यावे. सहा महिन्यांखालील बाळाला आईचे दूध आणि जलसंजीवनी, एवढेच. मोठ्या मुलांना भाताची पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, दही-भात, केळे, ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या असे थोडे थोडे पण पुष्कळ वेळा द्यावे. आपल्याकडची शेंगाचटणी आणि झणझणीत रस्सा चार दिवस बाजूला ठेवावा. कोल्ड्रिंक व गोड चहा देऊ नये. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्यावे, म्हणजे उतरलेले वजन भरून येते.

आमच्या आज्जीची पेज डॉक्टरांनाही पसंत पडली. म्हणजे जुने सगळे चुकीचे असते असे मुळीच नाही.

बाळ काय सांगते ते ऐका

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर घरी थांबू नये. जलसंजीवनी पाजत पाजत दवाखाना गाठावा किंवा १०८ ला फोन करावा. बाळ गुंगीत किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये.

– डोळे खोल जाणे, रडताना पाणी न येणे, जीभ कोरडी पडणे.
– टाळू खाली बसणे. टाळू 'पडलेली' नसते. ती शरीरातले पाणी कमी झाल्याची खूण असते. तेल घालून किंवा तोंडात बोट घालून ती वर येत नाही, पाण्यानेच येते.
– सहा तास लघवी न होणे.
– चिमटीत धरलेली कातडी हळू खाली जाणे.
– बाळ मलूल होणे, पिऊ न शकणे, किंवा प्यालेले सगळे ओकून टाकणे.
– शौचातून रक्त पडणे, जोराचा ताप येणे.
– तीन दिवसांत उतार न पडणे.

बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर खुणांची वाट न पाहताच दवाखान्यात न्यावे.

किती वेळा जुलाब झाले, किती वेळा लघवी झाली, काय पाजले, हे कागदावर लिहून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. आपल्या वर्गातल्या कोणालाही हे काम जमेल.

जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. पोटावर डाग देऊ नये. दात येतात म्हणून जुलाब होतात असे समजून वाट पाहू नये. त्या वयात बाळ जमिनीवरचे दिसेल ते तोंडात घालते आणि त्यातून जंतू पोटात जातात, असे सिस्टर म्हणाल्या.

पोटाच्या इतर तक्रारी

ओकारी: ओकताना रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे ओकारी श्वासनळीत जात नाही. ओकारी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल तर लगेच दवाखान्यात न्यावे.

शौचाला न होणे: पाणी भरपूर प्यावे. भाकरी, पालेभाजी, पेरू खावेत. रोज सकाळी ठरावीक वेळी शौचाला बसावे. शाळेत लाजून कळ दाबून ठेवू नये. ही सवय पुष्कळ मुलांना असते आणि तिनेच त्रास वाढतो.

पोटदुखी: बेंबीजवळ दुखायला लागून कळ पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला सरकली, सोबत ताप किंवा ओकारी आली, तर आंत्रपुच्छाला सूज आलेली असू शकते. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाचे कसलेही औषध देऊ नये, पोट चोळू नये. तडक दवाखान्यात न्यावे.

जंत: दर वर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. त्या दिवशी शाळेत आणि अंगणवाडीत गोळी देतात. ती चावून खावी. दप्तरात लपवू नये!

जुलाब होऊच नयेत म्हणून

शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. पिण्याचे पाणी झाकून ठेवावे आणि दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. तांब्या बुडवला की बोटेही बुडतात. उन्हाळ्यात टँकरचे पाणी आले किंवा पावसाळ्यात गढूळ पाणी आले, तर उकळावे किंवा त्यात मेडिक्लोरचे थेंब टाकावेत. बाटलीवर लिहिलेले प्रमाण पाहावे आणि अर्धा तास थांबून मग प्यावे. गावाच्या टाकीत टीसीएल पावडर पडते की नाही, हे जलसुरक्षकांना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. रोटाव्हायरसची लसही आहे. ती तोंडाने देतात, बाळ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना. चुकवू नये.

शेवटी आज्जीची गोष्ट

त्या रात्री बाळ झोपले. आई झोपली. आज्जी मात्र जागीच होती. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या आण्णाच्या आधी मला एक पोरगं हुतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर तीन वर्सांनी त्याला असंच ढाळ लागलं. दोन वर्साचं हुतं. पाणी पाणी करत हुतं. सगळे म्हणाले, देऊ नगंस. मी दिलं न्हाई."

मी मनातल्या मनात हिशेब केला. ते साल १९७५. बनगावच्या छावणीतली गोष्ट घडून तेव्हा चार वर्षे झाली होती. मीठ, साखर आणि पाणी तिन्ही आज्जीच्या घरात होते. फक्त ते पाजायचे असते, हे आमच्या गावापर्यंत पोचले नव्हते.

हे लिहू का, असे मी आज्जीला विचारले. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लिही. भित्तीवर लाव. शाळेत बाया येत्यात, वाचतील."

आता आमच्या घरी पाकीट देवळीत ठेवलेले असते. कोणाच्याही घरी बाळाला जुलाब लागले, की आज्जीच पाकीट आणि चमचा घेऊन निघते आणि जाता जाता मला हाक मारते, "वही घे गं!"

पालकांनो, घरी जाताना एवढे लक्षात ठेवा. जुलाब लागले की पाणी थांबवायचे नाही. जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजत राहायचे.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी